पाहुणा दिसला की समजायचं, तोफा गप्प आहेत

तुम्ही विचारलंय : "सीमेवरच्या गावांत सध्या पर्यटनाचा विकास जोरात चालू आहे. तिथल्या लोकांना तो मनापासून हवा आहे का? आम्ही पुण्यातले आठ जण केरनला जायचं ठरवतोय, पण आपण त्यांच्या दुःखाची जत्रा तर करत नाही ना, असं वाटून पाय अडखळतोय."

मी कोथरूडला राहते. २०१३ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात दहा-बारा माणसांचा एखादा गट घेऊन सीमेलगतच्या गावांत जाते. हॉटेल नाही, गावातल्या घरांतच मुक्काम. लडाखमधल्या तुर्तुकला सर्वांत जास्त वेळा गेले, २०२२ पासून काश्मीरमधल्या केरन आणि टीटवालला, मधे दोनदा उत्तराखंड आणि एकदा कच्छ. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

पर्यटन त्यांना हवं आहे. पण आपल्याला इथे बसून वाटतं त्या कारणासाठी नाही, आणि सगळीकडे सारखंही नाही.

तुम्ही केरनला निघाला आहात तर तिथूनच सुरुवात करते. कुपवाडा जिल्ह्यातलं हे गाव किशनगंगेच्या काठावर आहे आणि नदी हीच तिथे नियंत्रण रेषा आहे. पलीकडच्या गावाचं नावही केरनच. तिकडे नदीला नीलम म्हणतात, एवढाच फरक. पलीकडच्या अंगणात वाळत घातलेले कपडे इकडून मोजता येतात. १९९० च्या सुमारास अलीकडची बरीच कुटुंबं नदी ओलांडून गेली आणि तिकडेच राहिली. त्यामुळे बहीण या काठावर आणि भाऊ त्या काठावर, अशी घरं आजही आहेत.

पर्यटन आधी पलीकडे वाढलं. नीलम खोऱ्यात गेस्ट हाउसं झाली, लाहोर-कराचीचे लोक यायला लागले, आणि अलीकडचं केरन मात्र बाहेरच्या माणसाला बंद होतं. आम्ही ज्यांच्या घरी उतरतो ते चाचा सांगतात, की कित्येक वर्षं रात्री ते ओसरीत बसून समोरचे दिवे बघायचे. "उधर रोज शादी, इधर मातम," हे त्यांचे शब्द. त्यामुळे २०२१ नंतर अलीकडे पहिल्या गाड्या आल्या, तेव्हा पैसा किती मिळेल हा विचार नंतरचा होता. आपल्याही काठावर दिवे लागले, हे आधी होतं.

२५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी काटेकोर पाळायचं जाहीर केलं. त्याआधीच्या एकट्या २०२० मध्ये ती पाच हजारांहून जास्त वेळा मोडल्याची सरकारी नोंद आहे. आकडा आपण वाचतो आणि विसरतो. चाचींसाठी त्याचा अर्थ असा, की मुलाला नदीकडच्या शेतात पाठवायचं की नाही हे रोज सकाळी ठरवावं लागायचं. २०२३ मध्ये त्या मला म्हणाल्या, तुमची गाडी आली की मी निर्धास्त होते. वातावरण तापलं की बाहेरच्या माणसाचे परवाने पहिले बंद होतात. म्हणजे रस्त्यावर पाहुणा दिसतोय याचा अर्थ आज तोफा गप्प आहेत. आपण बर्फ आणि नदी बघायला जातो, आणि त्या आपल्याकडे बघून आजचा दिवस कसा आहे ते ओळखतात. हे ऐकल्यापासून मी त्या अंगणात गाडीतून उतरताना जरा वेगळ्या मनाने उतरते.

आता दुसरी गोष्ट. ती लोक पहिल्या दिवशी बोलत नाहीत, दोन-तीन दिवस राहिल्यावर बोलतात. शेजारच्या कर्नाह भागात, म्हणजे तंगधार-टीटवालकडे जायला साधना पास ओलांडावा लागतो. उंची दहा हजार फुटांच्या वर. हिवाळ्यात बर्फाने तो पुन्हा पुन्हा बंद होतो. जानेवारी २०१८ मध्ये याच रस्त्यावर हिमकडा कोसळून दहाहून जास्त माणसं गेली. बोगदा करा, ही तिथल्या लोकांची फार जुनी मागणी आहे. अडलेली बाळंतीण, छातीत दुखणारा म्हातारा यांना कुपवाड्याला न्यायचं तर बर्फ वितळायची नाहीतर हेलिकॉप्टरची वाट बघायची.

याच टीटवालला २२ मार्च २०२३ रोजी शारदा मंदिराचं उद्घाटन झालं. मूळ शारदापीठ पलीकडे, शारदा गावात आहे. टीटवालची जागा फाळणीपूर्वीच्या यात्रेच्या वाटेवरची. स्थानिक मुसलमान मंडळी मंदिराच्या बांधकामात मनापासून होती, आजही यात्रेकरूंना हात धरून नदीच्या घाटावर नेतात. मला हे फार मोलाचं वाटतं. पण तिथल्याच एका शिक्षकांनी मला विचारलं, "ताई, यात्रेकरूंसाठी रस्ता रुंद होतोय, छान झालं. आमच्या पेशंटसाठी तो इतकी वर्षं का झाला नाही?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

ही खंत मला प्रत्येक सीमेवर भेटली. मोबाइलचा टॉवर पाहुण्यांमुळे आला, दिव्यांचे खांब पाहुण्यांमुळे आले. आल्याचा आनंद आहे. पण माणूस म्हणून आम्ही मोजले गेलो नाही, 'डेस्टिनेशन' म्हणून मोजले गेलो, हा त्यांचा सल खोल आहे. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांच्या, टूरवाल्यांच्या आणि आपल्याही ध्यानात तो येत नाही.

सरकारी योजनेत हे धरलेलं नाही असं नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'व्हायब्रंट व्हिलेजेस' मंजूर केली. चीनलगतच्या अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड, हिमाचल आणि लडाखमधली २,९६७ गावं, ४,८०० कोटी रुपये, त्यातले २,५०० कोटी फक्त रस्त्यांसाठी. एप्रिल २०२५ मध्ये इतर सीमांसाठी दुसरा टप्पा मंजूर झाला, ६,८३९ कोटींचा. गावं ओस पडू नयेत, माणसं तिथेच टिकावीत हा हेतू, आणि तो बरोबरच आहे. फक्त आपल्या बातम्यांत त्यातलं 'पर्यटन' एवढंच उरतं आणि शाळा-दवाखाना गळून पडतो.

आता २०२५ बद्दल. ते टाळून या प्रश्नाचं उत्तर देणं मला जमणार नाही.

२२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा होते, पुण्यातले दोघे. त्या आठवड्यात पुणं कसं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझा गट १२ मे ला निघणार होता. मी अजून काही ठरवलंही नव्हतं, तेवढ्यात चाचांचा फोन आला. पहिलं वाक्य : "तुमच्यातलं कोणी तिथे नव्हतं ना?" दुसरं : "अॅडव्हान्स परत पाठवू का?" एप्रिलच्या शेवटी जम्मू-काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. ७ मे च्या पहाटेपासून १० मे पर्यंत सीमेवर तोफा चालल्या. पूंछमध्ये सर्वांत जास्त माणसं गेली, तंगधारकडे घरं जळली. चाचांचं कुटुंब त्या रात्री खालच्या गोठ्यात जनावरांबरोबर बसून होतं. त्यांनी पाहुण्यांसाठी वर बांधलेल्या दोन खोल्या, अक्रोडाच्या लाकडाच्या, रिकाम्या होत्या आणि त्यांचा बँकेचा हप्ता चालू होता.

आमच्या गटातल्या बहुतेकांनी अॅडव्हान्स परत घेतला नाही. दोघांनी घेतला, त्यांची अडचण खरी होती, त्यांना मी बोल लावत नाही. पण तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की पर्यटनावर संसार उभा करायचा म्हणजे त्यांच्यासाठी किती मोठी जोखीम आहे. मका आणि राजमा शेतात राहतो, अक्रोडाचं झाड जागचं हलत नाही. पाहुणा मात्र एका रात्रीत नाहीसा होतो, आणि त्यात गावाचा काही दोष नसतो.

म्हणूनच तिथे घराघरात दोन मतं आहेत. चाचांच्या धाकट्या मुलाला आणखी तीन खोल्या आणि नदीकडे तोंड करून कॅफे काढायचा आहे. तो चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या वयाच्या पोरांना इतके दिवस लष्कराचं सामान वाहणारा पोर्टर होणं नाहीतर बाहेरगावी मजुरी, एवढंच समोर दिसायचं. तो म्हणतो, निदान माझ्याच घराच्या दारात काम आहे. चाचांचं म्हणणं, आधी बंकर, मग कॅफे. २०१७-१८ मध्ये केंद्राने १४,४६० बंकर मंजूर केले होते, पण ते जम्मू विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी. चाचांच्या घराला स्वतःचा बंकर आजही नाही. मला विचाराल तर मी चाचांच्या बाजूची आहे. पण मुलाच्या डोळ्यांतली आशा बघितल्यावर त्याला 'थांब' म्हणायची माझी छाती होत नाही.

तुर्तुकचं वेगळं आहे. नुब्रा खोऱ्याच्या टोकाला, श्योक नदीवरचं हे बाल्टी लोकांचं गाव १९७१ च्या युद्धात भारतात आलं. तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग अशी चार गावं. युद्धाच्या वेळी जो शिकायला, कामाला स्कार्दू-कराचीला होता तो तिकडेच राहिला. आईवडील इकडे, मुलगा तिकडे. २०१० मध्ये तुर्तुक पर्यटकांना उघडलं. चाळीस वर्षं जवळजवळ फक्त लष्कर आणि सरकारी माणूस बघितलेल्या गावात एकदम जगभरची माणसं आली, आणि गावाने त्यांना जर्दाळू दिले, कुट्टूच्या पिठाच्या भाकऱ्या दिल्या. आज जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादं गेस्ट हाउस आहे, आणि ती बहुतेक गावकऱ्यांचीच आहेत. जमीन बाहेरच्याला द्यायची नाही याबद्दल मंडळी फार जागरूक आहेत. २०१९ ला लडाख केंद्रशासित झाल्यापासून जमिनीची काळजी तिथे प्रत्येक गप्पांत निघते.

थांग तर अगदी रेषेवरचं. समोरच्या डोंगराच्या कुशीत पलीकडचं फरनू गाव दिसतं. तिथे आता दुर्बिणी लावून 'पाकिस्तान बघा' चालतं. मी स्वतः एकदा तिथल्या एका आजोबांना विचारलं, "तुमच्या भावाचं घर कुठलं?" त्यांनी बोट दाखवलं. आमच्या गटाने पाळीपाळीने दुर्बिणीतून बघितलं, कोणीतरी फोटो काढला. आजोबा बाजूला उभे होते. दुर्बीण त्यांच्याकडे कोणी दिलीच नाही. हे माझ्या लक्षात रात्री आलं, अंथरुणावर पडल्यावर. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, त्यांच्याजवळ बसले, माफी मागितली. ते म्हणाले, "बेटी, तुम लोग देखते हो तो अच्छा है. कोई तो देखता है." त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही. त्यानंतर मी गटाला थांगला नेते तेव्हा घर दाखवायला कोणाला सांगत नाही.

बायकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण 'लोकांना काय वाटतं' म्हणताना आपण घरातल्या पुरुषाशी बोलून परत येतो. होमस्टे म्हणजे घरातल्या सुनेचं दुप्पट काम. पहाटे नळ गोठलेला असतो, तेव्हा पाणी तापवायचं, अंघोळीला बादल्या द्यायच्या, बाराजणांचा नाश्ता, भांडी, परत अंथरुणं. त्यात शेत आणि गुरं आहेतच. आणि पैसे येतात मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर. तुर्तुकच्या एका सुनेने मला एकदा हळूच विचारलं, की तुमच्याकडे घरी जेवण करून देणाऱ्या बाईला किती मिळतात? पुण्यातला पोळी-भाजीचा दर सांगितल्यावर ती बराच वेळ बोटं मोजत राहिली. त्या वर्षापासून आमचा गट जेवणाचे पैसे वेगळे काढतो आणि जिने केलं तिच्याच हातात देतो, रोख. त्या घरात पुढच्या वर्षी तिच्या नावाने बँकेत खातं उघडलेलं मी पाहिलं. मात्र तिथल्या म्हाताऱ्या बायकांना आणि पोरींना परवानगीशिवाय फोटो काढलेला अजिबात खपत नाही, आणि तो राग खरा आहे.

उत्तराखंडचं दुःख तोफांचं नाही, रिकाम्या घरांचं आहे. १९६२ च्या युद्धात नेलांग आणि जादुंग या गावांतल्या माणसांना खाली आणलं, ती हर्सिलजवळ बगोरीला स्थिरावली. परतायला मिळालं नाही. देवाच्या पूजेला वर जायचं तर आपल्याच गावात परवाना काढून जायचं. आता जादुंगला पर्यटकांसाठी होमस्टे उभे करायचं चाललंय. बगोरीतल्या एका आजींनी विचारलं, की तिथे पाहुणे झोपतील, मग आम्ही कधी झोपणार? घर परत मिळणार असेल तर पर्यटन चालेल, घराच्या बदल्यात पर्यटन नको, इतकं साधं त्यांचं म्हणणं. तिथलीच गरतांग गली, कड्याला लाकडी जिना ठोकून केलेली तिबेटच्या व्यापाराची जुनी वाट, ५९ वर्षांनी ऑगस्ट २०२१ मध्ये उघडली. थोड्याच दिवसांत नव्या लाकडी कठड्यावर लोकांनी आपली नावं कोरली. बद्रीनाथजवळचं माणा हे गाव आता 'शेवटचं गाव' ऐवजी 'पहिलं गाव' झालं, फलक बदलला. त्याचा अभिमान तिथे खरोखर आहे, मी ऐकलाय.

कच्छला मी एकदाच गेले, म्हणून थोडंच. धोरडोला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांत निवडलं. बन्नी या तिथल्या गवताळ भागातल्या भरतकामाला आणि भुंगा म्हणतात त्या गोल मातीच्या घरांना त्यामुळे किंमत आली. हंगामाचे काही महिने हाताला काम असतं, नंतर पुन्हा म्हशी आणि पाऊस. तिथे मला तक्रारीपेक्षा समाधान जास्त दिसलं. तोफांची भीती रोजची नसली की पर्यटन किती हलकं होतं, हे तिथे जाणवलं.

आपल्या मावळातल्या माणसाला यातलं बरंचसं लगेच कळेल. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच काठावर आज तंबू लागतात, शनिवारी रात्रभर गाणी वाजतात. कोणी त्यातून घर बांधलं, कोणाच्या वाट्याला फक्त कचरा आला. तिथल्या आजीला 'तुम्हाला पर्यटन हवं का?' विचारलंत तर ती एका शब्दात उत्तर देऊ शकेल का?

तर तुम्ही जा. दुःखाची जत्रा होईल ही भीती तुमच्या मनात आहे, म्हणजे तुम्ही ती होऊ देणार नाही, असं मला वाटतं. दोन रात्रींऐवजी चार राहा. पहिले दोन दिवस सगळे नुसते आतिथ्य करतात, बोलणं तिसऱ्या दिवशी सुरू होतं. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, परवान्याचं काय चालू आहे ते निघायच्या आधल्या आठवड्यात यजमानांना विचारा. इथलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. ड्रोन घरीच ठेवा. लष्कराची चौकी, पूल, नदीपलीकडची माणसं यांच्याकडे कॅमेरा नको. पलीकडे हात हलवून ओरडू नका. आपल्याला ती गंमत वाटते, पण चौकशी मागे राहणाऱ्यांची होते. वरण-भाताचा हट्ट धरू नका. मक्याची रोटी, राजमा, साग आणि मिठाचा चहा मिळेल, आणि तो राजमा तुम्ही आयुष्यभर आठवाल. येताना यजमानांकडूनच अक्रोड आणि राजमा विकत घ्या, श्रीनगरच्या दुकानातून नको. खाली येऊन विकायला त्यांना गाडीभाडं पडतं, दारात घेतलंत तर ते वाचतं.

आणि शक्य असेल तर कधीतरी फेब्रुवारीत त्यांना एक फोन करा. तेव्हा रस्ता बंद असतो, पाहुणा नसतो, आणि बाहेरून कोणी आठवण काढली की चाचींचा आवाज बदलतो.

चाचांचा नंबर तुम्हाला हवा असेल तर मला निरोप पाठवा. आधी त्यांना विचारते, ते हो म्हणाले की देते.